पुलाअलीकडची जात

सिॲटल : अमेरिकेत जातिभेदावर थेट बंदी घालणारं पहिलं शहर हे. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी इथल्या नगर परिषदेनं सहा विरुद्ध एक अशा मतांनी भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ घातली. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत जन्मानं पुण्याच्या, वाढल्या मुंबईत. नोकरी, घरभाडं, हॉटेल-दुकानं सगळं या बंदीत आलं.  

कायदा मात्र शहराच्या हद्दीपुरता. ॲमेझॉनचं मुख्यालय शहरात, म्हणून त्याला लागू. तळ्यावरचा पूल ओलांडून रेडमंडला मायक्रोसॉफ्टच्या आवारात गेलात की सिॲटलचा नियम संपला. म्हणून तिथल्या मालकांनी निर्धास्त राहावं असं मात्र नाही. दुसऱ्या राज्याचं उदाहरण घ्या : कॅलिफोर्नियात विधिमंडळानं मंजूर केलेलं असंच विधेयक राज्यपाल गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारलं, ते ‘आहे त्या कायद्यात हे येतंच’ असं सांगून. वंशपरंपरेवरून भेदभावाला तिथं आधीच बंदी आहे. म्हणजे कायद्यात ‘जात’ हा शब्द नसला, तरी कंपनी कोर्टात खेचली जाऊ शकते.

सिस्को या तंत्रज्ञान कंपनीचं प्रकरण त्याच राज्यातलं. एका दलित अभियंत्याला भारतीय वरिष्ठांनी जातीवरून डावललं, असा आरोप करत राज्याच्या यंत्रणेनं २०२० मध्ये दावा लावला. सिस्कोनं आरोप नाकारले. दोन वरिष्ठांवरचा दावा २०२३ मध्ये यंत्रणेनंच मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. त्यातला एक आरोप प्रत्येक मालकानं वाचावा असा आहे : अभियंता मनुष्यबळ विभागाकडे गेला, तेव्हा जातिभेद बेकायदा नाही, असं उत्तर मिळालं.

खरी अडचण इथंच आहे. गोऱ्या मॅनेजरला जात दिसत नाही. ‘आडनाव काय? मूळ गाव कुठलं? नॉनव्हेज खाता का?’ त्याच्या कानाला या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा. विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला मात्र चौकशी कसली चाललीय ते पक्कं ठाऊक असतं. पाठीवर थाप मारता मारता जानवं चाचपण्याच्या कहाण्याही दलित कर्मचारी सांगतात. अशी तक्रार आली की ती टीममधल्या ज्येष्ठ भारतीयाकडे सरकवण्याचा मोह मालकाला होतो. माझ्या मते सर्वांत घातक चूक हीच; तक्रार बहुधा त्याच्याच गोटातल्या कुणाविरुद्ध असते. चौकशी बाहेरच्या, जाणकार माणसाकडे द्यावी. धोरणात ‘जात’ स्पष्ट लिहावी. ॲपलनं हे सिॲटलच्या आधीच केलं होतं. आणि तक्रार टिकली नाही, तरी ती प्रामाणिकपणे करणाऱ्याची बढती अडवू नये. सूड उगवणं हा कायद्याचा वेगळा भंग आहे, आणि तो सिद्ध करायला आडनावांचं ज्ञान लागत नाही.