बेकलायझर

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात वाफेच्या दाबावर चालणारे एक लोखंडी भांडे आहे. नाव बेकलायझर, लाडाचे नाव 'ओल्ड फेथफुल'. पूर्णपणे कृत्रिम अशा पहिल्या प्लास्टिकचे, बेकेलाइटचे, व्यापारी उत्पादन 1909च्या सुमारास याच भांड्यातून सुरू झाले.

तेव्हा विजेचा प्रसार होत होता आणि तारा-उपकरणांच्या आवरणासाठी लाख लागे. ती बहुतेक भारतातून जाई. किड्यांकडून मिळणारी, म्हणून महाग आणि अपुरी. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लिओ बेकेलँड तिला पर्याय शोधत होते. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र तापवले की चिकट राळ तयार होते, हे रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1872 मध्येच पाहिले होते. पण ती जास्त तापवली की फसफसे, बुडबुडे धरी आणि सच्छिद्र होऊन वाया जाई. म्हणून आच कमी ठेवावी, असाच इतरांचा कल होता. बेकेलँड यांनी नेमके उलट केले: आच वाढवली आणि जोडीला दाबही दिला. दाबाखाली वायूला फुगायला वावच उरला नाही. मला हा निर्णय त्या रसायनाइतकाच मोलाचा वाटतो. 1907 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

बेकेलाइट हे थर्मोसेटिंग प्लास्टिक. राळ साच्यात तापते तेव्हा तिच्या रेणूंमध्ये चहूबाजूंनी पक्के रासायनिक बंध जुळतात आणि सगळा तुकडा एकसंध जाळे बनतो. पुन्हा तापवा, तो वितळत नाही. फार तापला तर करपतो. कुकरची काळी मूठ शेगडीवर टिकते ती यामुळेच. याउलट, बादलीचे पॉलिथिन थर्मोप्लास्टिक. त्यातल्या लांब साखळ्या एकमेकींना बांधलेल्या नसतात. उष्णतेने त्या सरकू लागतात, थंड झाल्या की जागच्या जागी थबकतात. म्हणून फुटकी बादली वितळवून नवी वस्तू घडवता येते. मुठीचे तसे होत नाही. फार तर दळून भुकटी करायची आणि दुसऱ्या मालात भर म्हणून घालायची.

ही अडचण मोठी आहे, आणि ती बेकेलाइटपुरती नाही: पवनचक्क्यांच्या पात्यांतले इपॉक्सीही याच जातीचे. 2011 मध्ये पॅरिसमध्ये लुडविक लायब्लर आणि सहकाऱ्यांनी एक वेगळे जाळे दाखवले. तापल्यावर त्यातले बंध आपसांत जागा बदलतात, त्यामुळे जाळे न विस्कटता वस्तूला नवा आकार देता येतो. या पदार्थांना व्हिट्रिमर म्हणतात.