नदीकाठचा कचरा व चित्रकाम

पनवेलची गाढी नदी खाडीस मिळते. तिच्यात टाकलेली पिशवीही त्याच वाटेने रोहित पक्ष्यांच्या चाऱ्याच्या जागी पोचते. ही वाट मुलांस दाखविण्यास हस्तकामाचा तास उत्तम.

पावसाळा ओसरल्यावर काठावर अडकलेल्या कोरड्या वस्तू शिक्षकांनी स्वतः वेचाव्यात. मुलांस पाण्यात उतरवू नये. तळोज्याच्या कासाडी नदीत तर मुळीच नको. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातील कुत्र्यांची अंगे कारखान्याच्या रंगाने निळी झाली होती. काचा व सुया वगळून उरलेले धुऊन वाळवावे.

मग झाकणे, चपलांचे पट्टे, सुतळी यांतून मुलांनी पक्षी रचावा. तो सुबक नसला तरी चालेल. मात्र प्रत्येक वस्तूशेजारी ती कोणत्या घरातून वा दुकानातून आली असावी, हे मुलाने लिहिलेच पाहिजे. प्रदर्शनानंतर प्लॅस्टिक भंगारवाल्यास द्यावे, आवारात जाळू नये.