निरोप अडतो कुठे?

१९८० चे दशक सरत आले होते. भारताला महासंगणक हवा होता आणि अमेरिका क्रे कंपनीची यंत्रे देताना हात आखडता घेत होती. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संशोधन संस्था उभी राहिली. महासंगणक घडवायला मुदत तीन वर्षांची. धुरा आली अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांकडे.

एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल, तर अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपायचे ठरले. निवड झाली इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरची. ही चिप गणित करी आणि चार दुव्यांवाटे शेजारच्या चिपांशी बोलेही. पण इथेच पाणी मुरत होते. दुव्याचा वेग सेकंदाला २ कोटी बिट. म्हणजे हिशेबाने २५ लाख बाइट. प्रत्यक्षात ८ बिटांच्या प्रत्येक बाइटला ३ बिटांचे वेष्टन लागे, शिवाय दर बाइटची पोच परत यावी लागे. पलीकडे जेमतेम साडेसतरा लाख बाइट पडत! तरीही १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक अवतरला आणि शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली.

घात पुढेच होता. इनमॉसने पाचपट वेगवान दुव्यांचा टी-९००० हा नवा ट्रान्सप्युटर जाहीर केला खरा; तो रखडतच राहिला. परम ८६०० मध्ये इंटेलचा तेज आय-८६० प्रोसेसर बसवला, पण निरोपांची ने-आण जुन्या ट्रान्सप्युटरकडेच राहिली. मेंदू धावू लागला आणि जीभ अडखळू लागली. अखेर सी-डॅकने स्वतःचेच जाळे विणायला घेतले: परमनेट. १९९८ च्या परम १०००० मध्ये ते नांदू लागले.

तारा वेगवान झाल्या, तरी छोटे निरोप रेंगाळतच. हे कोडे तेव्हा जगभरच्या संशोधकांना छळत होते. निरोपाच्या प्रवासाचा टप्प्याटप्प्याने हिशेब मांडला, तेव्हा चोर सापडला. तार निर्दोष होती! प्रोग्रामकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे, तिथून जाळ्याच्या कार्डाकडे अशी निरोपाची नक्कल पुन्हा पुन्हा उतरवली जाई, आणि सारा वेळ त्यात जिरे. मग मधल्या दारी थांबायचेच कशाला? कार्डाने थेट प्रोग्रामच्या स्मृतीतून निरोप उचलावा. परमनेट-२ आणि त्याच्या जोडीच्या ‘क्षिप्र’ या सॉफ्टवेअरने हीच वाट धरली.

सेकंदाला अडीच अब्ज बिटांचे हे जाळे परम पद्मला लाभले आणि जून २००३ मध्ये जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत तो १७१ वा आला. अर्थात त्या यादीची कसोटी मुख्यतः गणिताची. जाळ्याचा खरा कस लागतो हवामानाच्या प्रारूपात. तिथे नकाशावरच्या प्रत्येक चौकटीला शेजारच्या चौकटीतला वारा क्षणोक्षणी विचारावा लागतो.