घरमालकाला भागीदार करायचे, तर

खासगी घरमालकाच्या खोलीतून सार्वजनिक गरज भागवण्याची कल्पना बुलढाणा जिल्ह्याला नवी नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या काळात, 1949 साली निघालेला घरभाडे नियंत्रण आदेश हा जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आल्यावरही, 31 मार्च 2000 रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम अमलात येईपर्यंत, विदर्भात टिकून राहिला. घर रिकामे झाले की मालकाने ते सरकारला कळवायचे आणि ते सरकारी नोकराला किंवा निर्वासिताला देण्याचा हुकूम पंधरा दिवसांत येऊ शके. शिवाय भाडेकरूला नोटीस देण्याआधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. भाडेकरूला त्यातून आधार मिळाला हे खरेच, पण खोली रिकामी असल्याचे कळवण्यात मालकाचे काहीच हित नव्हते.

नव्या कायद्यात लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकरूचा हक्क निर्माण न करता ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या वापर-परवान्याची, मुदत संपताच मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मागता येतो. मात्र करार लेखी व नोंदणीकृत असावा, ही जबाबदारी कलम 55 ने मालकावरच टाकली आहे, ही गोष्ट अकरा महिन्यांचा कागद नोटरीपुढे उरकणाऱ्यांच्या सहसा ध्यानात नसते.

आजची सर्वांत ठळक व्यवस्था समाजकल्याण विभागाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेची आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या खात्यात थेट पैसे जमा होतात. महानगरपालिका नसलेल्या जिल्हा मुख्यालयी वर्षाला 43,000 रुपये ठरले, त्यांपैकी निवासासाठी 12,000, म्हणजे महिन्याला हजार रुपये. हुकमाच्या जागी पैसा आला, ही सुधारणाच. परंतु सरकारचा व्यवहार विद्यार्थ्याशी असल्याने भाडे थकल्यास किंवा खोलीची नासधूस झाल्यास मालकाने कोणाकडे पाहावे, हा प्रश्न तसाच राहतो.

दिव्यांग भाडेकरूचा पेच आणखी अवघड आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा लागतो, म्हणून दारापुढचा ओटा 45 सेंटिमीटर उंच असेल तर 5.4 मीटर लांबीचा उतार बांधावा लागेल. पण मालकाच्या लेखी संमतीवाचून केलेले कायम स्वरूपाचे बांधकाम हे भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 16 प्रमाणे घर खाली करून घेण्याचे कारण ठरू शकते. त्यामुळे संमती, उताराचा खर्च आणि भाडेकरू गेल्यावर तो उतार काढायचा की ठेवायचा, या बाबी करारात आधीच लिहाव्या लागतात, आणि त्यांचा भार महिन्याच्या हजार रुपयांवर टाकता येत नाही.