लसणाच्या गावातल्या पाच किम

मुलांनो, कॅरम तर तुम्ही सगळेच खेळता. आता कल्पना करा, कॅरमबोर्ड आहे सुमारे ४५ मीटर लांब, तोही बर्फाचा! आणि स्ट्रायकरऐवजी हातात आहे जवळजवळ २० किलोचा, मूठ बसवलेला गुळगुळीत दगड. झाली ना गंमत? या खेळाचं नाव कर्लिंग. मूळचा तो स्कॉटलंडचा.

चार-चार खेळाडूंचे दोन संघ. पलीकडच्या टोकाला बर्फावर गोल वर्तुळं आखलेली असतात. त्यांच्या मध्याजवळ आपला दगड न्यायचा, जमलं तर दुसऱ्याचा दगड उडवायचा. दगड सुटला की दोघे खेळाडू त्याच्यापुढे ब्रशने बर्फ खसाखसा घासत धावतात. घासल्याने काय होतं? हिवाळ्यात तळहात चोळून पाहा. ऊब येते ना? तसाच बर्फाचा वरचा थर किंचित गरम होतो आणि दगड अधिक लांब, अधिक सरळ जातो. कधी घासायचं आणि कधी थांबायचं, हे ओरडून सांगते संघनायिका.

अशीच एक संघनायिका म्हणजे दक्षिण कोरियाची किम उन-जंग. तिचं गाव उइसंग लसणासाठी प्रसिद्ध. तिथे कर्लिंगचं मैदान झालं आणि शाळेतल्या मुली खेळू लागल्या. उन-जंग आणि यंग-मी या वर्गमैत्रिणी. यंग-मीची धाकटी बहीण क्यंग-ए ताईला काहीतरी द्यायला आली आणि तिथेच रमली! मग तिची मैत्रीण सन-यंगही आली. पुढे चो-ही त्यांना येऊन मिळाली. पाचही जणींचं आडनाव किम! परदेशी लोकांचा गोंधळ उडू नये म्हणून त्यांनी न्याहारीच्या पदार्थांवरून टोपणनावं घेतली. एक झाली पॅनकेक, तर दुसरी स्टेक!

२०१८ साली प्यंगचांगचं हिवाळी ऑलिंपिक त्यांच्याच देशात भरलं. साखळीत त्यांनी ९ पैकी ८ सामने जिंकले. हरल्या फक्त जपानकडून. उपांत्य सामन्यात पुन्हा जपानच समोर! बरोबरी झाली, जादा डाव खेळवावा लागला आणि उन-जंगच्या शेवटच्या दगडाने ८-७ असा विजय मिळाला. अंतिम सामना स्वीडनने ८-३ असा जिंकला, पण कर्लिंगमधलं कोरियाचं पहिलं ऑलिंपिक पदक मात्र या मुलींनी आणलं. ‘यंग-मीऽऽ!’ ही उन-जंगची हाक तर देशभर घराघरांत पोचली.

गोष्ट इथेच संपली असती, तर किती छान! पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाचही जणींनी जाहीरपणे सांगितलं, की आमचे प्रशिक्षक आम्हाला अपशब्द बोलतात आणि आमच्या बक्षिसाच्या पैशांचा नीट हिशेब देत नाहीत. ज्यांनी शिकवलं, त्यांच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे सोपं का होतं? सरकारने चौकशी केली. २०१९ च्या फेब्रुवारीत निकाल आला, की मुलींचं बहुतेक म्हणणं खरं आहे.

त्याच वर्षी उन-जंग आई झाली. खेळ मात्र तिने सोडला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हा जिंकलं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्या आठव्या आल्या. तरी खचल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. अंतिम सामना गेला तो अवघ्या एका गुणाने, ६-७ असा!

मुलांनो, गुरुजनांचा मान राखायलाच हवा. पण शिकवण्यासाठी रागावणं वेगळं आणि सतत अपमान करणं वेगळं. असं कुणी वागत असेल, तर गप्प बसू नका. घरी सांगा, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि आई-बाबा, मूल सांगायला आलं, तर ‘ते मोठे आहेत, त्यांना कळतं’ असं म्हणण्याआधी त्याचं पूर्ण ऐकून घ्याल ना?