विमानातले बोलणे ऐकणारा रेडिओ

वावरात निंदण चालू असते. इतक्यात वरून घरघर ऐकू येते. बाया-माणसे मान वर करून पाहतात. उंच आभाळात एक चांदीचा ठिपका सरकत असतो. पाहता पाहता तो दिसेनासा होतो.

आपल्याला ते विमान मुके वाटते. पण ते मुके नसते, बरं का! त्याचा वैमानिक जमिनीवरच्या माणसाशी बोलत असतो. "आता खाली येऊ का?" असे तो विचारतो. जमिनीवरचा माणूस सांगतो, "थांबा. तुमच्या खाली दुसरे विमान आहे." या दोन वाक्यांवर शेकडो माणसांचा जीव अवलंबून असतो.

हे बोलणे पकडणारा लहानसा रेडिओ हौशी माणसे घरी जोडतात. जगात पुष्कळ ठिकाणी हा छंद चालतो. मूठभर सुटे भाग, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन फूट तार, एवढ्यात तो तयार होतो. तो कसा चालतो, ते आपण या पाठात पाहू. हे एकदा समजले म्हणजे घरातला साधा रेडिओही समजतो.

विमान आधी मुकेच होते

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून मुंबईला आले. विमान लहान होते. त्यात रेडिओ नव्हता. उडाल्यावर कोणाला काही विचारायची सोय नव्हती.

पुढे १९४९ साली रात्रीची विमान-टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून विमाने निघत. मध्यरात्री ती नागपूरला जमत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून पुन्हा आपापल्या गावी जात. अंधारात नदी दिसत नाही, डोंगर दिसत नाही. अशा वेळी बोलणे हाच आधार.

नागपूर आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर आहे. आणखी एक गंमत करून पाहा. नकाशावर मुंबईपासून कोलकात्यापर्यंत सरळ रेघ ओढा. ती आपल्या यवतमाळ जिल्ह्यावरूनच जाते. म्हणून आपल्या आभाळात विमाने दिसतात.

आवाज बंडीत बसतो

आपण कितीही मोठ्याने हाक मारली, तरी ती दोन-चार वावरांपलीकडे जात नाही. मग आभाळातला आवाज खाली कसा येतो?

कापूस आपल्या पायाने बाजाराला जात नाही. तो बंडीत भरून न्यावा लागतो. आवाजाचेही तसेच आहे. त्याला रेडिओच्या लाटेवर बसवून पाठवतात. लाट म्हणजे बंडी, आणि आवाज म्हणजे कापूस. ही बंडी एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावते!

लाट धावताना सारखी वर-खाली होत असते. एका सेकंदात दहा लाख वेळा वर-खाली झाली, तर तिला एक मेगाहर्ट्झची लाट म्हणतात. एफ. एम. रेडिओची गाणी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या लाटांवर येतात. त्याच्या पलीकडे, १०८ ते ११८ पर्यंत, विमानांना दिशा दाखवणाऱ्या खुणांच्या लाटा असतात. तो धुरा ओलांडला, की ११८ ते १३७ हे विमानातल्या बोलण्याचे वावर लागते.

लाटेवर आवाज भरायच्या दोन रीती आहेत. एफ. एम. मध्ये लाटेची उंची तीच राहते. तिची गती आवाजाप्रमाणे थोडी कमी-जास्त होते. विमानाच्या रेडिओत गती तीच राहते. लाटेची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त होते. दुसऱ्या रीतीला ए. एम. म्हणतात. विमानांसाठी हीच रीत का ठेवली, ते पुढे येईल.

झोक्याची युक्ती

रेडिओची तार, म्हणजे एरियल, उभी ठेवतात. विमानाच्या बोलण्यासाठी ती दोन फूट असली तरी पुरते. पण तारेवर एकच लाट येत नाही. गाण्यांच्या, मोबाइलच्या, विमानांच्या, शेकडो लाटा येऊन आदळतात. बाजाराच्या दिवशी जसा गलका होतो, तसे होते. त्यातून हवी ती लाट कशी निवडायची?

पोराला झोका देताना आपण काय करतो? झोका मागे आला की हलकेच ढकलतो. वेळ साधली, तर एका बोटाच्या जोराने झोका उंच जातो. वेळ चुकली, तर कितीही ढकला, उपयोग नाही.

रेडिओत असाच विजेचा झोका असतो. तांब्याच्या तारेचे पाच-सहा वेढे घेतात. त्याला कॉइल म्हणतात. तिच्या जोडीला वीज साठवणारा कंडेन्सर लावतात. वीज कॉइलमधून कंडेन्सरमध्ये आणि कंडेन्सरमधून कॉइलमध्ये झोके घेते. ज्या लाटेची वेळ या झोक्याशी जुळते, तीच लाट जोर धरते. बाकीच्या तिथेच विरतात.

कॉइलचे वेढे थोडे लांब ओढले, की झोक्याची गती वाढते. वेढे जवळ दाबले, की गती कमी होते. हौशी माणूस लाकडाच्या बारीक काडीने वेढे सरकवून लाट जुळवतो.

मूर्तिजापूरची अदलाबदल

पण एवढ्याने भागत नाही. विमानांच्या या वावरात दोन शेजारच्या लाटांत पंचवीस हजार कंपनांचाच फरक असू शकतो. लाट बारा कोटी कंपनांची आणि फरक फक्त पंचवीस हजारांचा! एका झोक्याला इतकी बारीक निवड जमत नाही. मग काय करायचे? लाटेची गती कमी करायची.

यवतमाळ ते मूर्तिजापूर आपली 'शकुंतला' गाडी धावत असे, ती आठवा. तिचे रूळ अरुंद. मुंबईकडचे रूळ रुंद. म्हणून कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला उतरवून मोठ्या गाडीत भराव्या लागत. गाडी बदलली, तरी कापूस तोच राहिला. रेडिओतही असेच एक मूर्तिजापूर असते. त्याला मिक्सर म्हणतात.

मिक्सरचे काम समजायला भजनाला चला. दोन तंबोऱ्यांच्या तारा जवळजवळ जुळल्या, पण पुऱ्या जुळल्या नाहीत, तर "घूं... घूं..." असा घुमारा येतो. एक तार सेकंदाला २०० वेळा हलली आणि दुसरी २०३ वेळा, तर घुमारा तीन वेळा येतो. दोहोंतला जो फरक, तोच घुमारा.

रेडिओ आपल्या पोटात स्वतःची एक लाट तयार करतो. विमानाची लाट १२० मेगाहर्ट्झची असेल, तर आतली लाट १३०.७ ची ठेवतात. दोन्ही मिक्सरमध्ये मिसळल्या, की फरकाची तिसरी लाट निघते. ती १०.७ मेगाहर्ट्झची असते. आवाज तोच राहतो, फक्त गाडी बदलते.

दुसरे बोलणे ऐकायचे असले, तर आतली लाट बदलायची. १२१.५ साठी ती १३२.२ ठेवायची. फरक पुन्हा १०.७ च. म्हणजे पुढची चाळणी एकाच मापाची केली की झाले. लाट हळू झाली म्हणून चाळणीही बारीक करता येते.

पाटाचे दार आणि पंपाची झडप

दुरून आलेली लाट फार अशक्त असते. तिला बळ द्यावे लागते. पाटाचे दार आपण एका हाताने उचलतो. पण त्या हाताच्या इशाऱ्यावर केवढे पाणी धावते! ट्रान्झिस्टर म्हणजे असेच दार. अशक्त लाट ते दार हलवते आणि बॅटरीची वीज तिच्या तालावर वाहू लागते. असे एकामागून एक दोन-तीन ट्रान्झिस्टर लावले, की लाट धट्टीकट्टी होते.

आता बंडीतून माल उतरवायचा. लाट जितकी वर जाते, तितकीच खाली येते. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून बेरीज शून्य. अशी लाट कानाशी नेली, तर काहीच ऐकू येणार नाही. इथे डायोड कामाला येतो. विहिरीवरच्या पंपाला तळाशी झडप असते. ती पाणी वर येऊ देते, पण परत खाली जाऊ देत नाही. डायोडही विजेला एकाच बाजूने जाऊ देतो. लाटेची खालची बाजू तो कापून टाकतो. उरलेली कंपने एक लहान कंडेन्सर गिळून टाकतो. मागे राहतो तो फक्त लाटेच्या उंचीतला चढ-उतार. तोच वैमानिकाचा आवाज. त्याला आणखी थोडे बळ देऊन कानाच्या फोनमध्ये सोडतात.

झाला आपला रेडिओ! पकडणे, निवडणे, गाडी बदलणे, बळ देणे आणि माल उतरवणे, ही त्याची पाच कामे.

दोघे एकदम बोलले तर?

एफ. एम. वर दोन केंद्रे एकाच जागी आली, तर बळकट केंद्र दुबळ्याला दाबून टाकते. दुबळा बोलला, हेही कळत नाही. विमानांसाठी हे फार धोक्याचे. ए. एम. मध्ये मात्र दोन लाटा तंबोऱ्यांच्या तारांसारख्या एकमेकींशी घुमतात आणि कर्कश शिट्टी ऐकू येते. शब्द समजत नाहीत, पण दोघे बोलले एवढे कळते. मग पुन्हा विचारता येते.

विचारले नाही, तर काय होते? स्पेन देशाच्या टेनेरिफ बेटावर २७ मार्च १९७७ रोजी दाट धुके होते. एका मोठ्या विमानाने उडण्यासाठी धाव घेतली. त्याच धावपट्टीवर दुसरे मोठे विमान होते. त्याच वेळी मनोऱ्यावरचा माणूस पहिल्या विमानाला म्हणत होता, "थांबा." दुसरे विमान सांगत होते, "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत." दोघे एकदम बोलले. धावणाऱ्या विमानात त्या शब्दांवर शिट्टी वाजली. विमान थांबले नाही. टक्कर झाली आणि ५८३ माणसे दगावली.

म्हणून वैमानिकांना कडक नियम आहे. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. महत्त्वाचा हुकूम ऐकला, की तो परत म्हणून दाखवायचा. ऐकू आले नाही, तर लाजायचे नाही, पुन्हा विचारायचे. १२१.५ मेगाहर्ट्झ ही लाट तर संकटातल्या हाकेसाठीच राखून ठेवली आहे.

आपल्या गावात काय ऐकू येईल?

या लाटा सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईआड त्या सहसा वळत नाहीत. दहा किलोमीटर उंचीवरचे विमान तीन-चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकते. पण नागपूरच्या मनोऱ्याचे बोलणे आपल्या गावात पोचत नाही. म्हणजे वैमानिकाचे बोलणे कळेल, त्याला मिळालेले उत्तर कळणार नाही.

कायदा आणि काळजी

आपल्या देशात असा संच जवळ ठेवायला आणि विमानांचे बोलणे ऐकायला सरकारची परवानगी लागते. तिच्याशिवाय हे करू नये. रेडिओची हौस असली, तर सरकारी परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढता येतो. अशा लोकांना 'हॅम' म्हणतात. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा त्यांनी निरोप पोचवण्याचे मोठे काम केले. पण हॅम मंडळींनाही विमानांच्या लाटांवर बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट. रेडिओ पोटात स्वतःची लाट तयार करतो, हे आपण पाहिले. ती लाट एरियलवाटे बाहेर पडली, तर ऐकणारा संच बोलू लागतो आणि दुसऱ्याच्या बोलण्यात शिट्टी वाजवतो. म्हणून जाणते लोक तो भाग पत्र्याच्या डबीत बंद करतात. एरियल आणि मिक्सर यांच्यामध्ये एक ट्रान्झिस्टर पहाऱ्याला ठेवतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांसाठी. घरावर कोणतीही उंच एरियल असेल आणि वळवाचे ढग येताना दिसले, तर ती आधीच सोडवून ठेवा. वीज कडाडू लागल्यावर तिला हात लावू नका.

सांगा पाहू

१. हवी ती लाट निवडायला झोक्याची युक्ती कशी उपयोगी पडते?

२. मिक्सरला आपण मूर्तिजापूर का म्हटले?

३. विमानाची लाट ११९ मेगाहर्ट्झची आहे. फरक १०.७ हवा. तर आतली लाट किती ठेवाल?

४. निरोप ऐकल्यावर तो परत म्हणून दाखवला, तर काय फायदा होतो? दवाखान्यात औषध घेताना हे करून पाहा.