उजनी उणे झाले की…

उजनी धरण ‘मायनस’मध्ये गेले, की काठावरच्या करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतली माणसे धास्तावतात. परक्याला हा हिशेब चटकन उमगत नाही. समोर पाणी तर दिसते! पण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत धरलेला. पाणी त्याही खाली उतरले की काठावरचा ऊस वाळू लागतो, आणि नेमकी तेव्हाच बुडालेली गावे वर येऊ लागतात. पळसदेवचे पळसनाथाचे जुने दगडी मंदिर दिसू लागले, की बघ्यांची रीघ लागते.

त्या गर्दीत मीही उभा राहिलो आहे. आपण शिखर बघतो. म्हातारी माणसे मात्र बाजूच्या भेगाळलेल्या गाळाकडे बघत असतात. चावडी कुठे, पाणवठा कुठे, याचा त्यांचा हिशेब चाललेला असतो.

अशा वेळी मला तुषार जोग आठवतात. उजनीशी त्यांचा संबंध नव्हता. ते मुंबईचे कलावंत, २०१८ साली गेले. सरकारी बांधकाम खात्याची थट्टा करणारा ‘युनिसेल’ नावाचा एकखांबी उद्योग त्यांनी चालवला होता. पण २०१० साली त्यांनी केले ते थट्टेपलीकडचे होते. शांघायच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनाचे निमंत्रण आले, तेव्हा हा गृहस्थ बुलेटवर बसून मुंबईहून निघाला! गाडीचे नाव रोसिनांते, म्हणजे डॉन किहोटेचे घोडे. ५३ दिवसांच्या त्या वाटेवर सरदार सरोवर होते आणि चीनचे थ्री गॉर्जेस धरणही, ज्याने तेरा लाखांच्या आसपास माणसे उठवली. धरणग्रस्तांपर्यंत स्वतः जाणे, हीच त्यांची कलाकृती.

पर्यावरणाची कला म्हटली की आपल्याकडे चौकात सिमेंटचा पक्षी उभा राहतो. उजनीला रोहित पक्षी येतात, म्हणून उद्या गुलाबी रोहितही उभा राहील. राहो बापडा. पण १९८० साली पुऱ्या झालेल्या या धरणाखाली गेलेल्या गावांचे काय? मला विचाराल तर प्रत्येक जुन्या गावठाणात एक साधा दगडी खांब रोवावा, त्यावर गावाचे नाव कोरावे. पावसाळ्यात तो बुडेल, टंचाईत वर येईल. जागा मात्र आत्ताच विचारून घ्यायला हवी. बोट दाखवून ‘इथे आमचा उंबरा’ असे सांगणारे आज सत्तरीपुढचे आहेत.